मोबाइल-पैशाद्वारे आपद्‌ग्रस्तांना रोख साहाय्य

दुष्काळ, भूकंप, महापूर, यादवी युद्ध इ. आपत्तींत सापडलेल्या कुटुंबांना धान्य, कपडे, भांडी यांसारख्या वस्तूंऐवजी ठराविक रक्कम देणे व ती त्यांच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात परस्पर जमा करणे, अशी ही साहाय्यपद्धती आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस केन्यात तिचा अवलंब झाला आणि पुढील पंधरा वर्षांत आफ्रिका, कॅरिबियन बेटे व पश्चिम आशिया येथील अनेक देशांत ती रूढ झाली. जेथे बँका नाहीत, रस्ते धोक्याचे आहेत आणि शासनसंस्था दुबळी आहे, अशा प्रदेशांत ती विशेष उपयुक्त ठरली. तथापि तिच्या इतिहासावरून असे दिसते, की गरजूपर्यंत पैसा पोहोचविण्याचा प्रश्न या साधनाने बऱ्याच अंशी सोडविला. पोहोचलेल्या पैशाचे मोल टिकविणे मात्र त्याच्या शक्तीबाहेरचे राहिले. चलन ढासळते तेव्हा होणारे नुकसान साहाय्य देणाऱ्याने सोसावे की घेणाऱ्याने, हा या पद्धतीपुढील मूलभूत प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : दुष्काळात रोख रक्कम देण्याची कल्पना मोबाइलपेक्षा पुष्कळच जुनी आहे. भारतात सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात असे प्रतिपादन केले, की अवर्षणकाळी धान्याच्या तुटवड्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, कामाचा व म्हणून मजुरीचा तुटवडा पडतो. या विचारातून पुढे प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ-संहिता तयार झाल्या व दुष्काळी कामांवर मजुरी देण्याची प्रथा पडली. अमर्त्य सेन यांनी पॉव्हर्टी अँड फॅमिन्स (१९८१) या ग्रंथात १९४३ चा बंगालचा व १९७३ चा इथिओपियातील वोलो प्रांताचा दुष्काळ यांचे विश्लेषण करून या विचाराला सैद्धांतिक आधार दिला. बाजारात धान्य असूनही ते विकत घेण्याचे सामर्थ्य हिरावले गेल्यामुळे माणसे उपाशी मरतात, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. [→ दुष्काळ].

महाराष्ट्रातील १९७२–७३ चा दुष्काळ हे या संदर्भात वारंवार दिले जाणारे उदाहरण आहे. लागोपाठ तीन वर्षांच्या अवर्षणाने राज्याच्या मोठ्या भागातील पिके बुडाली. १९७३ च्या मे महिन्यात रस्ते, नाला-बंडिंग, पाझर तलाव इ. दुष्काळी कामांवर सु. ४९ लाख लोक होते. त्यांना मुख्यतः रोख मजुरी मिळे. लोकांच्या हाती पैसा आल्याने धान्याला मागणी निर्माण झाली आणि राज्याराज्यांमधील धान्यवाहतुकीवर निर्बंध असतानाही व्यापाऱ्यांनी बाहेरून धान्य आणले. झां ड्रेझ यांनी आपल्या अभ्यासात ही प्रक्रिया सविस्तर दाखविली आहे. मात्र या यशामागे काही गोष्टी गृहीत होत्या : रुपयावर लोकांचा विश्वास होता, शेजारच्या प्रदेशांत धान्य उपलब्ध होते आणि मजुरी वाटणारी शासकीय यंत्रणा गावोगावी हजर होती. या गोष्टी नसतील तेथे रोख साहाय्याचे काय होते, हे पुढील काळात आफ्रिकेतील व अन्य देशांतील अनुभवाने दाखवून दिले.

कार्यपद्धती : साहाय्य-संस्था प्रथम गरजू कुटुंबांची यादी तयार करते. प्रत्येक कुटुंबातील एका प्रौढ व्यक्तीच्या, पुष्कळदा स्त्रीच्या, नावे मोबाइल क्रमांकाची नोंद होते. ज्यांच्याजवळ साधन नसेल त्यांना सिमकार्ड वा साधा मोबाइल पुरविला जातो. संस्था एकूण रक्कम दूरसंचार कंपनीकडे भरते व कंपनी यादीप्रमाणे ती खात्यांत विभागून जमा करते. रक्कम जमा झाल्याचा लघुसंदेश लाभार्थीला मिळतो. यासाठी इंटरनेटची गरज नसते. लाभार्थी आपला गुप्त क्रमांक वापरून ती रक्कम दुसऱ्यास पाठवू शकतो, दुकानदारास देऊ शकतो किंवा अभिकर्त्याकडून, म्हणजे कंपनीच्या एजंटाकडून, तिच्या नोटा घेऊ शकतो.

अभिकर्ता हा या व्यवस्थेचा कणा होय. तो सामान्यतः गावातील किराणा दुकानदार असतो. त्याच्याजवळ दोन प्रकारची शिल्लक असते : एक मोबाइल खात्यातील व दुसरी गल्ल्यातील नोटांची. लाभार्थीला नोटा दिल्या म्हणजे त्याच्या खात्यातील शिल्लक वाढते व गल्ला रिकामा होतो. मग त्याला शहरात जाऊन पुन्हा नोटा आणाव्या लागतात. एरवी काही लोक पैसे भरतात व काही काढतात, त्यामुळे गल्ला बराचसा सावरला जातो. आपत्तीच्या प्रदेशात मात्र रक्कम जमा होताच सर्वजण एकाच वेळी काढण्यासाठी येतात. नोटांची ने-आण थांबली, की खात्यावर पैसा असूनही हातात पैसा येत नाही. ज्या देशांत नियमन प्रभावी आहे तेथे ग्राहकांच्या एकूण शिलकीइतकी रक्कम कंपनीला बँकेतील विश्वस्त-खात्यात ठेवावी लागते. जेथे असे नियमन नसते, तेथे ही शिलकीची हमी केवळ कंपनीच्या पतीवर अवलंबून राहते.

आरंभीचे प्रयोग : केन्यातील सफारीकॉम या कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही सेवा सुरू केली. ‘पेसा’ हा पैसा या अर्थाचा स्वाहिली शब्द ‘पैसा’ या भारतीय शब्दावरून आला असल्याचे मानले जाते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भारतीय व्यापाऱ्यांबरोबर रुपयाही दीर्घकाळ चलनात होता. शहरात नोकरी करणाऱ्यांना गावी पैसे पाठविता यावेत, हा सेवेचा उद्देश होता व वर्षअखेरीपूर्वीच तिचे ग्राहक दहा लाखांवर गेले. डिसेंबर २००७ मधील निवडणुकीनंतर देशात हिंसाचार उसळला. दुर्गम केरिओ खोऱ्यात मालमोटारींनी धान्य नेणे खर्चाचे व असुरक्षित होते. तेव्हा ‘कन्सर्न वर्ल्डवाइड’ या आयरिश संस्थेने २००८ च्या आरंभी तेथील कुटुंबांना एम-पेसामार्फत रक्कम पाठविली. कुटुंबांचे गट करून त्यांना सामाईक मोबाइल व ते भारित करण्यासाठी सौरसंच देण्यात आले. आपत्कालीन साहाय्यासाठी मोबाइल-पैशाचा केलेला हा आरंभीच्या उपयोगांपैकी एक होय.

याच संस्थेने २००९–१० च्या अवर्षणानंतर नायजरच्या ताहूआ प्रदेशात केलेला प्रयोग अधिक पद्धतशीर होता. जेनी एकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ गावांचे तीन गट पाडून त्यांचा अभ्यास केला. एका गटाला नोटा लिफाफ्यातून हाती दिल्या, दुसऱ्याला नोटांबरोबर मोबाइलही दिला आणि तिसऱ्याला मोबाइलद्वारेच रक्कम पाठविली. तिसऱ्या गटातील लोकांचा जाण्यायेण्यात व रांगेत जाणारा वेळ वाचला. त्यांच्या आहारात अधिक विविधता आढळली. केवळ मोबाइल मिळालेल्या दुसऱ्या गटात हा फरक दिसला नाही. यावरून फायदा उपकरणाचा नसून पैसे देण्याच्या रीतीचा होता, असा निष्कर्ष निघाला. रक्कम खाजगीरीत्या स्त्रीच्या हाती आल्यामुळे घरातील खर्चाच्या निर्णयात तिचे वजन वाढले, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नायजर हा जगातील अत्यंत दरिद्री देशांपैकी एक असला, तरी त्याचे सीएफए फ्रँक हे चलन यूरोशी ठराविक दराने बांधलेले होते. महिन्यापूर्वी ठरविलेली रक्कम महिन्यानंतरही जवळजवळ तितक्याच मोलाची राहत होती.

हैतीमध्ये १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने बँकांच्या शाखा व पैसे पाठविण्याची केंद्रे यांपैकी सु. एक-तृतीयांश उद्‌ध्वस्त झाली. त्याच वर्षी गेट्स प्रतिष्ठान व अमेरिकेची शासकीय साहाय्य-संस्था यांनी तेथे मोबाइल-पैशाची सेवा त्वरेने उभी राहावी म्हणून एक कोटी डॉलरचा निधी जाहीर केला. दोन कंपन्यांनी सेवा सुरू केल्या व साहाय्य-संस्थांनी त्यांचा उपयोगही केला. परंतु खाती उघडलेल्यांच्या मानाने ती नियमित वापरणारे थोडे निघाले आणि अभिकर्त्यांजवळ नोटांची चणचण वारंवार जाणवली. केन्यात सेवा आधी रुजली होती व आपत्ती नंतर आली. हैतीत आपत्तीनंतर सेवा उभारावी लागली. लोकांच्या नित्याच्या व्यवहारात जे साधन नाही, ते संकटकाळी एकाएकी विश्वासार्ह होत नाही, हा या अनुभवाचा बोध होता.

सोमालिया : शासन व चलन ही दोन्ही कोलमडलेल्या देशात ही पद्धत कितपत टिकते, याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण सोमालियाचे आहे. जानेवारी १९९१ मध्ये तेथील केंद्र शासन कोसळले व मध्यवर्ती बँकेचे काम बंद पडले. सोमाली शिलिंगच्या जुन्या नोटा तरीही चालू राहिल्या व त्यांत खाजगीरीत्या छापलेल्या नोटांची भर पडत गेली, चलनातील सु. ९८ टक्के नोटा बनावट असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पुढे वर्तविला. मोठे व्यवहार अमेरिकी डॉलरमध्ये होऊ लागले. परदेशांत स्थायिक झालेल्या सोमालींचा पैसा हवाला पेढ्यांमार्फत गावोगावी पोहोचे. भारतीय हुंडीप्रमाणे ही व्यवस्थाही पेढीच्या पतीवर व नातेसंबंधांवर चाले. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने दहशतवादास साहाय्य केल्याच्या संशयावरून अल-बरकात ही मोठी पेढी बंद पाडली, तेव्हा असंख्य कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी अडकले.

संयुक्त राष्ट्रांनी २० जुलै २०११ रोजी दक्षिण सोमालियाच्या काही भागांत दुष्काळ जाहीर केला. अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यातील प्रदेशांतून जागतिक अन्न कार्यक्रम २०१० मध्येच बाहेर पडला होता. धान्य नेण्याचा मार्ग खुंटल्यामुळे काही साहाय्य-संस्थांनी हवाला पेढ्यांमार्फत रोख रक्कम देण्याचा निर्णय घेतला. किंमती भडकतील व पैसा सशस्त्र गटांच्या हाती पडेल, या भीतीने त्यापूर्वी बराच काळ चर्चेत गेला. मोठ्या प्रमाणावरील वाटप दुष्काळ जाहीर झाल्यानंतरच सुरू झाले. प्रत्यक्षात व्यापाऱ्यांनी धान्य आयात केले व किंमती भडकण्याची भीती खरी ठरली नाही. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सु. २,५८,००० माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले होती, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. साहाय्याची रीत ठरविण्यात दवडलेल्या वेळाची किंमत या आकड्यांसमोर ठेवूनच पाहावी लागते.

दरम्यान टेलेसोम या कंपनीने सोमालीलँडमध्ये २००९ मध्ये ‘झाद’ ही सेवा सुरू केली होती व २०११ पासून दक्षिणेत होरमूद कंपनीची ‘ईव्हीसी प्लस’ ही सेवा पसरली. दोन्हींतील शिल्लक अमेरिकी डॉलरमध्ये असे. चहावाल्यापासून धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सर्वजण ती स्वीकारू लागल्याने नोटा काढण्याची गरजच कमी झाली. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार २०१७ च्या सुमारास सोळा वर्षांवरील सु. ७३ टक्के सोमाली लोक मोबाइल-पैसा वापरीत होते व दरमहा सु. २·७ अब्ज डॉलरचे व्यवहार त्यावर होत. धान्य डॉलरमध्ये आयात होई, दुकानदार डॉलरमध्ये हिशेब ठेवी आणि साहाय्यही डॉलरमध्येच मिळे. त्यामुळे शिलिंगच्या घसरणीची झळ लाभार्थीला कमी बसली. २०१६–१७ च्या तीव्र अवर्षणात साहाय्याचा मोठा भाग मोबाइलद्वारे रोख स्वरूपात देण्यात आला आणि २०११ ची पुनरावृत्ती टळली. याचे श्रेय केवळ साधनाला देता येणार नाही. साहाय्य लवकर सुरू झाले, हेही तितकेच महत्त्वाचे होते.

या व्यवस्थेत उणिवाही होत्या. प्रारंभीची सु. दहा वर्षे तिच्यावर शासकीय नियमन नव्हते. मोबाइल-पैशासंबंधीचे नियम २०१९ मध्ये झाले व मध्यवर्ती बँकेने पहिला परवाना २०२१ मध्ये दिला. तसेच रक्कम थेट खात्यात गेली म्हणून ती लाभार्थीकडेच राहते, असेही नाही. विस्थापितांच्या छावण्यांची जागा व प्रवेश ज्यांच्या ताब्यात असतो, ते स्थानिक मध्यस्थ साहाय्यातील वाटा वसूल करतात. जागेवरून हुसकावण्याची किंवा यादीतून नाव काढण्याची भीती घालून काही ठिकाणी निम्म्यापर्यंत रक्कम उकळली जात असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीतून २०२३ मध्ये उघडकीस आले. वाटेतील चोरी या साधनाने कमी झाली; पैसा हाती पडल्यानंतरची लूट मात्र समाजातील सत्तासंबंधांतून होत असल्यामुळे तिला आळा बसला नाही.

झिंबाब्वे : झिंबाब्वेचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. २००८ मधील अतिचलनवाढीनंतर तेथे स्थानिक डॉलर सोडून अमेरिकी डॉलरचा वापर सुरू झाला. इकोनेट या कंपनीने २०११ मध्ये सुरू केलेली ‘इकोकॅश’ ही सेवा थोड्याच वर्षांत देशभर पसरली आणि अवर्षणग्रस्त ग्रामीण कुटुंबांना तिच्यामार्फत डॉलरमध्ये साहाय्य देता येऊ लागले. पुढे देशात खऱ्या डॉलरच्या नोटांची टंचाई वाढली. नोव्हेंबर २०१६ मध्ये शासनाने डॉलरशी समान मूल्याच्या म्हणून स्वतःच्या ‘बाँड’ नोटा काढल्या. बँकांतील व मोबाइल खात्यांतील आकडे डॉलरचेच दिसत. पण त्या आकड्याइतक्या खऱ्या नोटा मिळणे कठीण झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये या शिलकींचे रूपांतर नव्या स्थानिक चलनात करण्यात आले व पहिला अधिकृत दर एका अमेरिकी डॉलरला अडीच असा निघाला. जूनमध्ये परकीय चलनांतील देशांतर्गत व्यवहारांवर बंदी आली. अशा रीतीने खातेदाराने काहीही न करता त्याच्या खात्यातील पैशाचे स्वरूप बदलले.

याचा साहाय्यावर झालेला परिणाम दूरगामी होता. अभिकर्ते खात्यातील रकमेच्या बदल्यात नोटा देताना मोठी कसर कापू लागले. २०१९ मध्ये ती काही वेळा शेकडा ५० च्या घरात गेली. ज्याला मोबाइलने पैसे देता येत त्याला एक किंमत व नोटा देणाऱ्याला दुसरी, अशा दुहेरी किंमती दुकानांतून दिसू लागल्या. रिझर्व्ह बँकेने ३० सप्टेंबर २०१९ रोजी अभिकर्त्यांमार्फत नोटा देण्याघेण्यावर बंदी घातली व काही दिवसांतच ती सौम्य करून अल्प मर्यादेपर्यंत परवानगी दिली. डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सु. ४१ लाख लोकांसाठीच्या आपल्या योजनेत रोख रकमेऐवजी प्रत्यक्ष धान्य देण्याकडे वळत असल्याचे जाहीर केले. स्थानिक नोटांची टंचाई व झपाट्याने वाढणाऱ्या किंमती ही त्याची कारणे होती. जून २०२० मध्ये वार्षिक चलनवाढ ७३७ टक्क्यांवर पोहोचली व त्याच सुमारास अभिकर्त्यांच्या व्यवहारांवर कडक निर्बंध आले. मोबाइलचे जाळे, नोंदणी व याद्या अबाधित असूनही साहाय्याला पुन्हा पोत्यांकडे व मालमोटारींकडे वळावे लागले, ही घटना या पद्धतीच्या मर्यादा दाखविणारी म्हणून उल्लेखनीय आहे.

अलीकडील अनुभव : सूदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी युद्धाला तोंड फुटल्यानंतर अनेक शहरांतील बँका बंद पडल्या. मोहल्ल्या-मोहल्ल्यातील स्वयंसेवकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली व त्यांसाठी देशातून व परदेशांतून येणारा पैसा मुख्यतः बँक ऑफ खार्टूमच्या ‘बँकक’ या मोबाइल सेवेतून येई. ही सेवा दूरसंचार कंपनीची नसून बँकेची होती व तिला इंटरनेट लागे. फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी देशाच्या मोठ्या भागात संपर्कसेवा खंडित झाल्या, तेव्हा पैसा न मिळाल्याने अनेक स्वयंपाकघरे बंद पडली. गाझा पट्टीतही २०२४–२५ मध्ये मोबाइल खात्यांतून साहाय्य देण्यात आले. परंतु नव्या नोटांचा पुरवठा थांबल्याने खात्यातील रकमेच्या नोटा करून देणारे ४० टक्क्यांपर्यंत दलाली घेऊ लागले. धान्यच आत येत नव्हते, त्या काळात पैशाचा उपयोगही मर्यादित राहिला.

मूल्यमापन : मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत रोख साहाय्याचा वापर वाढविण्यास प्रमुख दात्या देशांनी व संस्थांनी मान्यता दिली. पुढील काही वर्षांत रोख रक्कम व पावत्या यांचे प्रमाण आंतरराष्ट्रीय मानवतावादी साहाय्याच्या सु. एक-पंचमांशापर्यंत गेले. या पद्धतीचे लाभ स्पष्ट आहेत. धान्याची खरेदी, जहाजवाहतूक व साठवण यांवरील खर्च वाचतो. साहाय्य काही दिवसांत पोहोचते. स्थानिक व्यापार बंद न पडता चालू राहतो. आणि आपल्या घराला धान्य हवे, औषध हवे की बियाणे, हे ठरविण्याचा अधिकार कुटुंबाकडे येतो. हा शेवटचा लाभ मानवी प्रतिष्ठेच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे.

तोटे व धोके यांची दिशा मात्र ध्यानात घ्यावी लागते. धान्याचे पोते देताना भाववाढीचा बोजा साहाय्य-संस्थेवर पडतो, कारण पोत्यातील धान्य भाव वाढला म्हणून कमी होत नाही. ठराविक रक्कम देताना हाच बोजा लाभार्थीवर जातो. त्यावर काही उपाय योजिले गेले आहेत : रक्कम स्थिर परकीय चलनात देणे, बाजारभावानुसार ती वरचेवर वाढविणे, एका कंपनीवर अवलंबून न राहणे, अभिकर्त्यांना आगाऊ नोटा मिळण्याची तजवीज करणे आणि परिस्थिती बिघडल्यास धान्यवाटपाकडे वळता यावे म्हणून कोठारे व वाहतूक पूर्णपणे मोडीत न काढणे. यांपैकी बहुतेक उपाय खर्चाचे आहेत व म्हणूनच काटकसरीच्या नावाखाली ते वगळले जाण्याचा संभव असतो. ओळखपत्र नसलेले, वृद्ध, अपंग व निरक्षर यांना खाते वापरण्यासाठी दुसऱ्याची मदत घ्यावी लागते व तेथे फसवणुकीस वाव राहतो. लाभार्थींची नावे, क्रमांक व ठिकाणे यांच्या याद्या यादवी युद्धात विरोधी गटाच्या हाती पडल्या, तर त्यांच्या जिवालाही धोका संभवतो.

केन्या, नायजर, सोमालिया व झिंबाब्वे यांचे अनुभव एकत्र पाहता मोबाइल-पैशाचे यश तीन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते : बाजारात माल असणे, खात्यातील आकड्यावर विक्रेत्याचा विश्वास असणे आणि ते साधन आपत्तीपूर्वीच लोकांच्या नित्य वापरात असणे. सोमालियात शासन व अधिकृत चलन दोन्ही मोडकळीस आलेली असताना या तिन्ही गोष्टी होत्या, म्हणून पद्धत टिकली. झिंबाब्वेत शासन, बँका व मोबाइलचे जाळे हे सर्व असूनही आकड्यावरील विश्वास उडाला व ती कोलमडली. म्हणून अस्थिर अर्थव्यवस्थेत ही पद्धत स्वीकारताना संपर्कजाळ्याच्या विस्ताराबरोबर, लाभार्थीच्या हाती आलेल्या रकमेत त्या आठवड्याच्या बाजारी किती धान्य मिळते, याची नियमित मोजदाद करणे आवश्यक ठरते.